मेंदूज्वर कोणत्या जंतूंमुळे होतो आणि सिकलसेल असलेल्या मुलाला त्याचा धोका जास्त का असतो?

शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला जंतुसंसर्गाचा मेंदूज्वर झाला आहे, तो आपल्या सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या पुतणीलाही होईल का, असे आपण विचारले आहे. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे आणि ही काळजी मला अगदी रास्त वाटते.

या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू यांवरील आवरणांना सूज येते. नवजात बाळांत तो बहुधा ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस किंवा ई. कोलाय या जंतूंमुळे होतो. त्याहून मोठ्या मुलांत आणि म्हाताऱ्या माणसांत न्यूमोकोकस हे मुख्य कारण असते. हिब हा जंतू पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरील एकत्रित) लसीमुळे बराच आटोक्यात आला आहे. मेनिंगोकोकस वसतिगृहे, आश्रमशाळा अशा दाटीच्या ठिकाणी पसरतो, आणि त्याची लस आपल्याकडील नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाही. घरात कोणाला क्षयरोग असेल, तर मुलाचा बारीक ताप, चिडचिड आणि घटणारे वजन यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण क्षयाचा मेंदूज्वर असाच हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत वाढत जातो.

आता पुतणीबद्दल. न्यूमोकोकस अनेक धडधाकट मुलांच्या नाका-घशात असतोच. तो रक्तात शिरला तर त्याला गाळून नष्ट करण्याचे मोठे काम पानथरी (प्लीहा, पोटात डावीकडे असणारा अवयव) करते, परंतु सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी पानथरीतील बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि लहान वयातच ती निकामी होऊ लागते. पोट तपासताना पानथरी हाताला लागते म्हणून ती काम करत असेलच, असे समजू नये. म्हणून आधी पुतणीचे सिकलसेल कार्ड पाहावे: ती ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असेल तर हा धोका खरा आहे, ‘एएस’ म्हणजे केवळ वाहक असेल तर सहसा नाही.

त्यानंतर माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पीसीव्हीच्या, म्हणजे न्यूमोकोकसवरील लसीच्या, तीन नोंदी पाहाव्यात: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. ही लस देशभरातील सरकारी लसीकरणात 2021 साली आली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या मुलांना ती बहुधा मिळालेली नसते. ‘एसएस’ मुलीसाठी न्यूमोकोकसच्या लसीबद्दल आणि रोजच्या पेनिसिलिनबद्दल बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारावे, कारण गर्दीच्या ओपीडीत हा विषय सहज राहून जातो.

शेजारच्या मुलाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत कोणता जंतू सापडला, हेही विचारून घ्यावे. मेनिंगोकोकस असेल तर घरातल्या आणि अगदी निकट सहवासातील माणसांना लगेच प्रतिबंधक औषध द्यावे लागते; न्यूमोकोकस असेल तर सहसा लागत नाही.

‘एसएस’ मुलीला ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. हनुवटी छातीला न टेकणे, सतत उलट्या, उजेड सहन न होणे, झोपेची गुंगी किंवा झटके ही लक्षणे असतील तर एकशे आठची गाडी बोलवावी. तान्ह्या बाळात मान कडक झालेली नसते तरी टाळू फुगलेली दिसते आणि ते दूध ओढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जंतूंच्या मेंदूज्वराने सुमारे सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला गंभीर व्यंग राहते. त्यांत बहिरेपणा बराच आढळतो, म्हणून शेजारच्या मुलाला सुटी होताना त्याच्या आईवडिलांना श्रवणचाचणी करून घ्यायला अवश्य सांगावे.