सायकल संपली आणि अंगातला जोरच गेला

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. वय 24. जिममधल्या एका सिनियरच्या सांगण्यावरून तीन महिने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेतली (जिममध्ये याला 'सायकल' म्हणतात), सोबत गोळ्या पण होत्या. बॉडी मस्त झाली होती. बंद करून दोन महिने झालेत आणि आता सकाळी उठावंसंच वाटत नाही, सेक्सची इच्छा नाही, निपलखाली दुखरी गाठ लागते हाताला. सिनियर म्हणतो परत चालू कर, सगळं ठीक होईल. करू का? पुढच्या वर्षी लग्न आहे, घरी कुणालाच माहीत नाही.

उत्तर : नको करूस. परत घेतलंस तर आठवड्याभरात बरं वाटेल हे खरंय, आणि म्हणूनच मुलं यात वर्षानुवर्षं अडकतात.

आता झालंय काय ते सांगतो. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते, ती रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघत असते आणि कमी पडलं की एलएच, एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडून वृषणांना कामाला लावते. तू बाहेरून भरपूर टोचलंस, तिला वाटलं आता गरज नाही, तिने हुकूम देणंच थांबवलं, मग वृषणं आळसावतात आणि आकारानेही लहान होतात. इंजेक्शन बंद झालं तरी ती लगेच जागी होत नाहीत. सध्या तुझ्या अंगात बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, त्यामुळे हा थकवा आणि ही उदासी.

लग्नाचं लिहिलंस म्हणून हेही नीट वाच. स्पर्म तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, ते आतच बनावं लागतं, दंडात टोचून तिथे पोचत नाही. म्हणून रक्तात हार्मोन उतू जात असतं आणि स्पर्म काउंट शून्य, असं खरोखर होतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर आठवड्याला 200 मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, 1990 साली ते निष्कर्ष छापून आले, आणि जिममध्ये घेतात ते डोस बऱ्याचदा याच्या दुप्पट-तिप्पट असतात. घाबरू नकोस, बहुतेकांचा काउंट परत येतो, पण काही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर.

गाठीचं कारण असं की जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, बनवतं. नवीन दुखरी गाठ औषधाने कमी होऊ शकते, जुनी होऊन घट्ट झाली की ऑपरेशनच करावं लागतं, म्हणून थांबू नकोस.

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरकडे जा आणि काय काय घेतलंस ते सगळं खरं सांग, गोळ्यांची नावं पण. सकाळच्या रक्ताचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, लिव्हर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि सीमेन टेस्ट एवढं ते बघतील. इंजेक्शनाने रक्त घट्ट होतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हे आरशात दिसत नाही. सिनियरने 'रिकव्हरी'च्या गोळ्या दिल्या तर मनाने घेऊ नकोस. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

हे औषधच वाईट असं मी म्हणत नाहीये बरं का. ज्याची वृषणं जन्मतःच नीट काम करत नाहीत त्याला हेच टेस्टोस्टेरॉन आयुष्यभर लागतं, वयात यायला फार उशीर झालेल्या मुलाला थोड्या डोसमध्ये काही महिने देतात. तिथे कमी असतं ते भरून काढायचं असतं, तुझ्यात काहीच कमी नव्हतं.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अति चंचलपणा यासाठी, मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू आहे. मला आधीच भीती वाटते की त्याला सवय लागेल. त्यात काल कळलं की मोठी मुलगी परीक्षेसाठी त्याच्याच स्ट्रिपमधल्या गोळ्या घेतेय. काय करू?

उत्तर : ताई, मुलाचं बंद करू नका. एडीएचडीत हे औषध डॉक्टर कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, सोबत बीपी, नाडी, वजन, उंची बघत राहतात, भूक आणि झोप कमी झाली तर डोस बदलतात. अशा देखरेखीखाली दिलं तर सहसा व्यसन लागत नाही.

मुलीची गोष्ट वेगळी. तिला जागं राहता येतं आणि आपलं खूप छान चाललंय असंही वाटतं, पण वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि नेमकी तीच झोप ही गोळी काढून घेते. थकवा कळेनासा होणं किती महागात पडतं याचं जुनं उदाहरण आहे सायकलपटू टॉम सिम्पसन, 1967 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत उन्हात माँ व्हाँतू डोंगराचा चढ चढताना कोसळला आणि गेला, अंगात अँफेटामिन सापडलं. ते याच जातीचं उत्तेजक औषध. मुलीच्या गोळ्या आणि ती शर्यत सारखी नाही हे मला माहितीये, पण धडधड, छातीत दुखणं, चक्कर यातलं काही झालं असेल तर आजच तिला दाखवा.

तिला ओरडू नका, आधी विचारा की एवढं जागायची वेळ का आली. लक्षच लागत नाही ही तक्रार लहानपणापासून असेल तर तिचीही तपासणी करून घ्या, कारण मुलींमधला एडीएचडी बऱ्याचदा लक्षातच येत नाही. आणि स्ट्रिप आता कुलपात ठेवा, रोजची गोळी तुम्ही स्वतः द्या.