स्पिन टर्नचा पिव्हट अडतोय?
वॉल्ट्झ या जोडीनृत्यातल्या नॅचरल स्पिन टर्नमध्ये, म्हणजे उजवीकडे वळण्याच्या स्टेप्समध्ये, लीडरची (जोडीला नेणाऱ्याची) चौथी स्टेप, म्हणजे एका पायावर गिरकी घेण्याचा पिव्हट, बहुतेकांना जड जाते. निराश होऊ नकोस. डावा पाय मागे टाकताना आधी चवडा, मग टाच टेकव. गुडघा सैल ठेव आणि वजन पूर्ण डाव्या पायावर आल्यावरच उजवीकडे अर्धा फेरा घे. खरी गोम उजव्या पायात आहे. तो बाजूला भिरकावायचा नाही. दोन्ही मांड्या एकमेकींना चिकटून, पाय समोरच राहिला पाहिजे. तो बाहेर गेला की पार्टनर लांब फेकली जाते. खांदे ओढून तर मुळीच वळू नकोस. पाचव्या स्टेपला मात्र उजवी टाच आधी. आणि रबरी तळव्याच्या बुटांत हा सराव नको, पाय जमिनीला धरून राहतो आणि गुडघा पिरगळतो. स्वेडच्या (मऊ, लवदार चामड्याच्या) तळाचे बूट घेच.