‘ब्लॅक टी’ म्हणजे काळा चहा?

प्रश्न असा आहे : ‘ऑल इन धिस टी’ या माहितीपटाला मराठी उपशीर्षकं देताना ‘ब्लॅक टी’साठी ‘काळा चहा’ लिहिलेलं चालेल का? आणि परिचयात ‘चिनी चहा आयातदारावरचा माहितीपट’ असं लिहिल्यावर वाचणाऱ्यांनी तो माणूस चिनी आहे असंच धरलं, ते का?

दुसरं आधी उरकते. ‘चिनी चहा आयातदार’ यातलं ‘चिनी’ चहालाही लागतं आणि माणसालाही. नामाला नाम नुसतं चिकटवत जायची सवय आपल्याला इंग्रजी मथळ्यांनी लावली आहे. मराठीत ‘चा’ आहे, तो वापरायला कंजुषी कशाला? ‘चिनी चहाचा आयातदार’ म्हटलं की चहा चिनी, ‘चहाचा चिनी आयातदार’ म्हटलं की माणूस चिनी. हे गृहस्थ, डेव्हिड ली हॉफमन, उत्तर कॅलिफोर्नियातले अमेरिकन. (मधल्या ‘ली’मुळे गोंधळात भरच पडली असणार.) शिवाय ‘आयातदार’ शोभतो कस्टमच्या कागदावर. इथे हा माणूस पत्तीत नाक खुपसून वास घेतो, थेट शेतकऱ्याकडूनच माल हवा म्हणून हुज्जत घालतो, गांडूळखतावर तासभर बोलेल असं वाटतं. ‘चीनमधून चहा आणणारा अमेरिकन व्यापारी’ असं सरळ लिहा.

आता ‘काळा चहा’. नको, अजिबात नको. आपल्याकडे ‘कोरा चहा’ म्हणजे बिनदुधाचा, आणि बऱ्याच घरांत त्यालाच ‘काळा चहा’ म्हणतात. म्हणजे मराठीत चहा काळा ठरतो तो दुधाच्या अभावाने. इंग्रजीतला ‘ब्लॅक’ मात्र पानावर काय प्रक्रिया झाली ते सांगतो, त्यात दूध घाला की नका घालू. आपल्या डब्यातली चहा पावडरही ‘ब्लॅक टी’च असते, फक्त यंत्राच्या दातेरी रुळांतून चुरून, फाडून, गोळीदार केलेली. ही सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धत १९३० साली आसामात सुरू झाली. तेव्हा भरपूर दूध आणि आलं घातलेला आपला उकळलेला चहा इंग्रजी हिशेबाने ‘ब्लॅक टी’पासून बनलेला आणि मराठी हिशेबाने काळा सोडून काहीही!

चिनी माणूस याच चहाला ‘होंग छा’ म्हणतो, म्हणजे लाल चहा. चिनी नाव पेल्यातल्या रंगाशी जुळतं, इंग्रजी नाव कोरड्या पत्तीच्या रंगाशी. आणि चिनीत ‘हेइ छा’, शब्दशः काळा चहा, हा प्रकार वेगळाच आहे. चीनच्या युन्नान प्रांतातला मुरवलेला पु-अर चहा त्यात मोडतो. त्यामुळे उपशीर्षकात ‘ब्लॅक टी’ला ‘काळा चहा’ केलंत आणि पुढे कुणी ‘हेइ छा’ म्हणालं, तर त्याच्यासाठी शब्द शिल्लक राहणार नाही. बंगालीतही ‘लाल चा’ आहे, पण तिथे तो आपल्या कोऱ्या चहासारखा बिनदुधाचा, तेव्हा तो दाखला इथे कामाचा नाही.

माझं मत : अमेरिकन पात्र बोलत असेल तिथे ‘ब्लॅक टी’ देवनागरीत तसाच ठेवावा, चिनी शेतकरी ‘होंग छा’ म्हणेल तिथे ‘लाल चहा’ लिहावं. पहिल्यांदा येईल तिथे ‘लाल चहा, म्हणजेच ब्लॅक टी’ असं एकदा सांगून टाकलं की झालं.

याच ओघात आणखी एक सापळा. इंग्रजीत या चहाच्या प्रक्रियेला सर्रास ‘फर्मेंटेशन’ म्हणतात आणि आपण लगेच ‘आंबवणे’ लिहून मोकळे होतो. लाल चहात आंबत काहीच नाही. पान कोमेजू देतात, मग वळतात, चुरगाळतात, आणि हवेतला प्राणवायू लागून ते कापलेल्या सफरचंदासारखं तांबूस पडत जातं. हिरव्या चहात नेमकं हेच होऊ द्यायचं नसतं, म्हणून पान लवकरच तापल्या कढईत परतून किंवा वाफ देऊन ती क्रिया थांबवतात. चीनमधल्या हांगचौचा लोंगजिंग हा हिरवा चहा असाच कढईत हाताने दाबून दाबून चपटा करतात. ‘आंबवलेला’ हे विशेषण मुरवलेल्या पु-अरसाठी राखून ठेवा, तिथे खरोखरच सूक्ष्मजीव राबतात.

‘ग्रीन टी’ला ‘हिरवा चहा’ म्हणायला माझी हरकत नाही, पण गुजरातीत ‘लीली चा’ आणि मुंबईच्या भाजीबाजारातल्या हिंदीत ‘हरी चाय’ म्हणजे गवती चहा, हे लक्षात असू द्या. ‘ग्रीन टी’ आता घराघरांत रुळला आहे, तोच ठेवलेला बरा.

माहितीपटाबद्दलही विचारलं आहे म्हणून थोडक्यात. लेस ब्लँक आणि जीना लीब्रेख्त यांचा हा २००७ सालचा चित्रपट हातांवर आणि पानांवर रेंगाळतो तेव्हा फार सुंदर आहे. हॉफमनच्या हट्टावर मात्र तो जरा जास्तच भाळलेला वाटतो. शेतकऱ्याचं म्हणणं त्याच्या उत्साहाखाली दबतं, आणि म्हणूनच त्या शेतकऱ्यांच्या तोंडची वाक्यं उपशीर्षकात नीट उतरायला हवीत. झुडपावर असेल तोवर ‘पान’, सुकून तयार झाली की ‘पत्ती’. ‘चहा पावडर’ मात्र एकाही ओळीत येऊ देऊ नका, हॉफमनला ती चालायची नाही.