‘बायसिकल थीव्ह्ज’वाला दे सिका पुढे पैशासाठी विकला गेला, हे खरं आहे का? त्याचे कोणते सिनेमे पाहावेत?

‘विकला गेला’ हे वाचूनच उत्तर लिहायला बसलोय, त्यामुळे थोडं तिखट होईल.

आधी मोठा दिग्दर्शक होता आणि नंतर पडेल ते काम करू लागला, असं मुळात नाहीच. व्हित्तोरिओ दे सिका हा आधी नट. १९३२ च्या एका हलक्याफुलक्या सिनेमाने इटलीत स्टार झाला, गाणी म्हणायचा, पोरी मरायच्या त्याच्यावर. दिग्दर्शन सुरू केलं १९४० मध्ये. म्हणजे ‘शूशाइन’ (१९४६) आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) करणारा माणूस आधीपासूनच धंदेवाईक सिनेमाचं मीठ खात होता. विकलंच जायचं असतं तर गिऱ्हाईक तेव्हाच दारात होतं. हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिक ‘बायसिकल थीव्ह्ज’ला पैसे घालायला तयार होता, फक्त नायक हॉलिवूडचा देखणा स्टार कॅरी ग्रँट हवा. आणि सिनेमाचा नायक कोण, तर पोस्टरं चिकटवणारा गरीब माणूस. कॅरी ग्रँट रोमच्या भिंतींवर पोस्टरं चिकटवतोय, करा कल्पना! दे सिकाने ब्रेडा कारखान्यातला एक कामगार घेतला, लांबेर्तो माज्जोरानी. सिनेमा जगभर गाजला आणि त्या बिचाऱ्याची कारखान्यातली नोकरी गेली, ते वेगळंच.

हे सगळं मी एकदा भर रस्त्यात ओरडून सांगितलेलं आहे. आमच्या फिल्म क्लबात ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) दाखवला होता. त्यात एक पेन्शनर म्हातारा आहे, भाडं थकलेलं, भीक मागायची वेळ आलेली. तो हात पुढे करतो, कोणीतरी खरंच पैसे काढतं, आणि ऐन वेळी हा तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का बघत होता. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देतो आणि स्वतः खांबाआड उभा राहतो. सिनेमा संपून टपरीवर चहा आला तरी माझ्या डोळ्यांपुढून तो तळवा हलत नव्हता. तेवढ्यात आमचा एक मित्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “यानंतर दे सिका संपला. मग नुसता पैसा. आपल्याकडेही उदाहरणं आहेतच की.” आणि माझ्याकडे बघून हसला.

उदाहरण म्हणजे मी. नुकतंच एका डेली सोपमध्ये नायिकेच्या सासऱ्याचं काम घेतलं होतं. झब्बा, शाल, आणि दारात कोणी आलं की तीन अँगलने दचकायचं. पैसे नव्वद दिवसांनी, पण येतात. त्या पैशातून आमच्या प्रायोगिक नाटकाचा तालमीचा हॉल, सेटच्या टेम्पोचं भाडं आणि लाइटवाल्याची जुनी उधारी भागली. हेच ते नाटक, जे हा मित्र पासावर, पहिल्या रांगेत बसून बघून गेला आणि वर ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हणाला. साहेब स्वतः बँकेत. कलेच्या शुद्धतेची काळजी एक तारखेला पगार होणाऱ्यांनाच जास्त असते, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

त्याला जे सुनावलं तेच तुम्हाला सांगतो. ‘शूशाइन’ला ऑस्करवाल्यांनी खास पुरस्कार दिला, पण इटलीत तो आपटला. ‘उंबेर्तो डी.’ आपटलाच, शिवाय तेव्हा सरकारात सिनेमाचं बघणारे आणि पुढे पंतप्रधान झालेले आंद्रेओत्ती यांनी जाहीर पत्र लिहून दे सिकाला झापलं, का तर देशाची वाईट प्रतिमा जगापुढे जाते म्हणून. ओळखीचं वाटतंय ना? मग पुढच्या सिनेमाला पैसे कोण देणार? नट म्हणून राबायचं आणि जमेल तेव्हा आपलं काढायचं. त्या राबण्यातच दिग्दर्शक रोझेल्लिनीचा ‘जनरल देल्ला रोव्हेरे’ (१९५९) आला. त्यातला दे सिकाचा भामटा पाहा, मग बोलू. ‘टू विमेन’ने (१९६०) सोफिया लॉरेनला ऑस्कर मिळवून दिलं. ‘द गार्डन ऑफ द फिंझी-कॉन्टिनिज’ (१९७०) त्याने सत्तरीला टेकताना केला, त्याला बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, आणि पुढे ऑस्करही. चार वर्षांनी माणूस गेला. संपला कधी म्हणे?

बरं, एक गोष्ट मित्राला सांगितली नव्हती. दे सिका जबर जुगारी होता. नटाच्या कमाईतला बराच पैसा कॅसिनोत गेला, शिवाय दोन संसार. तेव्हा सगळं कलेसाठीच केलं असं काही मी म्हणत नाही, आणि मधले काही सिनेमे खरंच टाकाऊ आहेत. पण स्वतःची खोड तो लपवत नव्हता. ‘द गोल्ड ऑफ नेपल्स’मध्ये (१९५४) बायकोने पैसे बंद केलेला जुगारी काउंट त्याने स्वतः केलाय. तो दारवानाच्या पोराला धरून पत्ते खेळतो आणि हरतो.

पाहायचंच तर ‘उंबेर्तो डी.’पासून सुरू करा, ‘बायसिकल थीव्ह्ज’ तुम्ही पाहिलेला दिसतोच. मग ‘शूशाइन’, मग थेट ‘फिंझी-कॉन्टिनिज’. पटकथाकार चेझारे झवात्तिनीचं नाव न घेता दे सिकावर बोलणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका, ‘उंबेर्तो डी.’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ दोन्हींत त्याचा वाटा मोठा आहे. आणि कोणी ‘विकला गेला’ म्हणालंच, तर तिकीट काढून शेवटचं नाटक कोणतं पाहिलंत, एवढं विचारा.