मामंजींचा मेसेज

प्रश्न : माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ हा मेसेज खोटा असल्याचं सांगूनही ते दर पंधरा ऑगस्टला पाठवतातच. असं का?
– एक सून, सातारा

उत्तर : सूनबाई, युनेस्कोने हे २००८ सालीच नाकारलंय. पण १९७७ साली हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही विधानं आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवली. नव्यांपेक्षा तीच त्यांना जास्त खरी वाटू लागली. त्यात ही थाप अभिमानाची. ती खोडली, की राष्ट्रगीतालाच नावं ठेवल्यासारखं वाटत असणार. (शिवाय मुख्याध्यापकांची चूक सुनेने काढायची?) ग्रुपवर बोलू नका. चहा देताना सांगा, ‘मामंजी, हे गीत पहिल्यांदा २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायलं गेलं.’ त्यांना पाठवायला काहीतरी हवंच असतं. हे पाठवू द्या.