तांदळाच्या डब्यात

(पत्र मोठं होतं, काटछाट माझी.)

मावशी, सलाम. मी पुण्यात नोकरी करते. आई नगरला एकटी असते. वय ६२, निवृत्त शिक्षिका. आमच्या जुन्या चर्चमध्ये तिने तीस वर्षं संडे स्कूल घेतलं. बाबा गेल्यावर ती शेजारणीबरोबर एका नव्या फेलोशिपला जायला लागली. सभा मंगल कार्यालयात असते. तिथल्या पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून 'तुझी शुगर आजपासून गेली' असं जाहीर केलं. आईने स्टेजवर 'मी बरी झाले' अशी साक्ष दिली, तिचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरला. नंतर त्यांची माणसं घरी प्रार्थनेला आली आणि औषधं विश्वासाच्या आड येतात म्हणून गोळ्या नि इन्सुलिन कचऱ्यात टाकून गेली. याला पाच महिने झाले. मी फोनवर म्हटलं, 'आई, तू एवढी शिकलेली असून कशी गं फसलीस?' तेव्हापासून ती माझ्याशी जेवलीस का, निजलीस का, एवढंच बोलते. पास्टर म्हणतात, देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाला, प्रश्न विचारणं हा गर्व आहे, आणि साक्ष मागे घेतली तर आजार सातपटीने परत येतो. मी या शिकवणीविरुद्ध २३ वचनांची यादी केली आहे, सोबत जोडते. काही सुटलं असेल तर भर घाला. गेल्या महिन्यात घरी गेले होते, पण विषय काढायचा धीर झाला नाही. घरही पहिल्यासारखं राहिलेलं नाही, वस्तू कुठेही पडलेल्या असतात. खिचडीला तांदूळ काढताना डब्यात ग्लुकोमीटर सापडला, तो मी कपाटात ठेवला. मला दोनच गोष्टी सांगा. खोटी शिकवण ओळखायची कशी? आणि मी शंका घेते हा माझा गर्व आहे का?
— एक मुलगी

सलाम गं बाळ.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुला चार ओळी कळवल्या होत्या. बाकीच्या वाचकांसाठी त्या इथे पुन्हा लिहिते, कारण अशी घरं पुष्कळ आहेत. पाच महिने इन्सुलिन बंद असलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं. जुना डोस घरच्या घरी आपल्या मनाने सुरू करायचा नाही. उलट्या, न भागणारी तहान, धाप, गुंगी, यातलं काही दिसलं तर सोमवार उजाडायची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

आता तांदळाच्या डब्याकडे येते.

तू चार पानं लिहिलीस. अडीच पानं पास्टरवर, एक पान वचनांवर, आणि डब्यावर एक ओळ. तीसुद्धा घर कसं अस्ताव्यस्त झालंय हे सांगताना. अगं, तीस वर्षं फळ्यावर ओळ वाकडी जाऊ न देणारी बाई ग्लुकोमीटर चुकून तांदळात टाकते होय? डब्यात सोबत आणखी काय होतं? स्ट्रिपची डबी होती? सुयांची पुरचुंडी, रबरबँड लावलेली? असणार. ती प्रार्थनेला येणारी मंडळी कपाट उघडतात, फ्रिज उघडतात, देवाचं काम म्हणून औषधांचा कप्पा रिकामा करतात. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात कोणी घालत नाही. नगरच्या तुझ्या घरात तेवढी एकच जागा तिची स्वतःची उरली होती. तीही तू आवरून टाकलीस.

म्हणजे तुझी आई शुगर तपासते. एकटी, दार लावून, बोट टोचून. बरं झालं असं गावासमोर सांगितलं आणि मग रोज आकडा बघितला. फसलेलं माणूस मशीन लपवत नाही, ते मशीन टाकून देतं. तिला कळायचं ते कधीच कळलेलं आहे. तिला खाली उतरायला जिना नाही, एवढंच. एका बाजूला पास्टरचं 'सातपट', दुसऱ्या बाजूला पोटच्या पोरीचं 'एवढी शिकलेली असून'. सांग, तिने आकडा कोणाला दाखवायचा?

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं यातच आहेत, पण तू ती मागितली आहेस म्हणून लिहिते.

मार्काच्या आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा आहे. तुझ्या आईने ही गोष्ट फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून वीसेक वेळा तरी सांगितली असेल. येशू त्याचा हात धरतो आणि त्याला गावाबाहेर नेतो. गर्दीपासून लांब. डोळ्यांना स्पर्श करतो आणि मग विचारतो, तुला काही दिसतं का? विचारतो, हे बघ. जाहीर करून टाकत नाही. आणि तो माणूस काय सांगतो? माणसं दिसतायत, पण झाडांसारखी, चालणारी झाडं. म्हणजे अर्धवट. प्रत्यक्ष प्रभूच्या तोंडावर हा गृहस्थ सांगतो की काम पुरं झालेलं नाही! आजच्या सभेत कोणी असं म्हटलं तर स्वयंसेवक माइक काढून घेतील. येशू त्याला अविश्वासी म्हणत नाही, डाफरत नाही. पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो. मग त्याला स्पष्ट दिसतं. आणि जाताना सांगतो, गावातसुद्धा जाऊ नकोस. साक्ष नाही, व्हिडिओ नाही.

लूकच्या सतराव्यात दहा कुष्ठरोग्यांना तो काय सांगतो? जा, याजकांना दाखवा. कुष्ठ गेलं की नाही हे ठरवायचं काम नियमशास्त्राने याजकाकडे दिलं होतं. त्या काळची लॅबच म्हण ना. तपासणीला पाठवणारा येशू, आणि तपासणीची मशीन तांदळात लपवायला लावणारी ही सभा. तुझ्या पहिल्या प्रश्नाला मी एवढंच उत्तर देईन. 'काही दिसतं का?' असं तिथे विचारतात का, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होतं, ते बघ. पैशाचंही तू बरंच लिहिलं आहेस. ते नवं नाही. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची एक नियमावली आहे, तिच्यात फिरत्या संदेष्ट्यांबद्दल रोखठोक लिहिलंय : तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा, पैसे मागितले तर खोटा. आमच्या पंचायतीतही इतका सरळ ठराव कधी झाला नसेल.

बाकीचं भराभर सांगते. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं वचन ही मंडळी ढालीसारखी पुढे करतात, आणि त्याला जोडून दावीद आणि अभिषिक्त राजा शौल यांची गोष्ट सांगतात. दावीदाने शौलावर हात टाकला नाही, खरंच आहे. पण शौल भाला फेकायला लागल्यावर दावीद तिथे नम्रपणे बसून राहिला नाही, पळाला. नंतर समोरच्या डोंगरावर उभा राहून, तुमचं चुकतंय, असं मोठ्याने सांगितलं. 'सातपट' आलं मत्तयच्या बाराव्यातून. अशुद्ध आत्मा आपल्यापेक्षा वाईट असे सात आत्मे घेऊन परततो, असं येशू त्या पिढीला उद्देशून बोलला. त्यात शुगर कुठेच नाही, साक्षही नाही. बिरुया गावच्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून ताडून बघितलं, आणि लूकने त्यांना मोठ्या मनाचे म्हटलंय. हाच लूक वैद्य होता. पौलाने त्याला शेवटपर्यंत बरोबर बाळगलं, आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारी ठेवून पुढे गेला. तेव्हा त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं कोणी लिहिलेलं नाही.

आणि आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी औषधाला अविश्वास म्हणावं, याचं मला हसू येतं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल वॉनलेस साहेबांनी १८९४ साली उभं केलं. माझी एक मावशी तिथे सिस्टर होती. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना, मग भूल, असा तिथला क्रम ती सांगायची. आपल्या समाजात घरटी एक तरी सिस्टर निघते. देवाने बरं केलं आणि डॉक्टरने बरं केलं ही दोन वाक्यं आपल्या आज्या एकाच श्वासात बोलत आल्या.

आता गर्वाचं. आहे, तुझ्यात गर्व आहे. पास्टरवर शंका घेतलीस त्यात नाही, ती घ्यायलाच हवी होती. तुझी यादी मी वाचली. २३ च्या २३ वचनं बरोबर आहेत. नंबर घातलेत, ओळी आखल्यात, तीन ठिकाणी लाल शाई. आईला धडा शिकवायची तयारी आहे ती. खोटी शिकवण कोणती हे तुला अचूक कळलं आणि तांदळाचा डबा कळला नाही, त्याचं कारण तू घरी गेलीस ती बरोबर ठरायला. घरात आईकडे नीट बघितलंस का? ती वाळली आहे का? रात्री कितीदा उठते? चार पानांत एक ओळ नाही. यादीत मी कसलीही भर घालणार नाही. फाडून टाक.

मला हे कळतं, कारण मीही एकदा त्या स्टेजवर होते. कॉलेजात असताना पुण्यात एका मोठ्या सभेत मी चष्मा काढून पास्टरांच्या हातात दिला आणि दिसतंय म्हणून सांगितलं. टाळ्या, हालेलुया, शेजारचे रडले. दिसत काही नव्हतं. पण दिसतंय असं तीन महिने म्हणत होते. बसची पाटी वाचता येत नव्हती, लाज वाटायची म्हणून कंडक्टरला विचारायचे नाही. एकदा स्वारगेट समजून बसले आणि कोथरूडला उतरले, तिथून भर दुपारी चालत आले. घरी सगळ्यांना कळत होतं. आई दोनदा बोलली, मी दोनदा भांडले. वडील काही बोलले नाहीत. एका रविवारी सकाळी चर्चला निघताना बघते तर माझ्या बायबलवर नवा चष्मा ठेवलेला. काचा पुसलेल्या. मी तो घातला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, छत्री कुठे आहे म्हणून विचारत राहिले. त्या दिवशी उपासनेत डोकं खाली घालून बसले होते, तेव्हा पापकबुलीचे शब्द पहिल्यांदा मला माझे वाटले. त्याआधी कित्येक वर्षं ते पाठ होते, इतकंच.

तेव्हा या शनिवारी नगरला जा. पास्टरचं नाव काढू नकोस. व्हिडिओ डिलीट कर म्हणू नकोस. पोलिसांचं तू विचारलं होतंस. मंत्र, ताईत, चमत्कार यांनी मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्याचं पुढे बघता येईल. आधी आई. जुन्या चर्चच्या पाळकांनाही शनिवारी मध्ये आणू नकोस. तुझे बाबा गेल्यावर घरी कोण आलं, जुन्या चर्चची माणसं की या फेलोशिपची, हे तू लिहिलेलं नाहीस. उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. त्याबद्दल त्या पाळकांना मी वेगळं लिहीन.

गेल्या गेल्या कपाटातली ती मशीन काढ. महिनाभर ती बाई डब्यात हात घालून शोधते आहे आणि तुला विचारू शकत नाही, याचा विचार तुझ्या मनात आला नव्हता ना? आता येऊ दे. मशीनची मेमरी उघडून जुने आकडे बघायचा मोह होईल. बघू नकोस. ते तिने सांगायचे, नाहीतर डॉक्टरसमोर उघडायचे. मशीन तिच्या हातात दे आणि म्हण, 'आई, ही मी चुकून उचलली होती. फोनवर बोलले तेही चुकलं माझं.' मग गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाईल, हे तुझ्या पत्राच्या लांबीवरून दिसतंच आहे. ती रागावेल, विषय बदलेल, चहा टाकायला उठेल. उठू दे. स्वयंपाकघरात तिच्या मागे जा आणि एवढंच विचार, 'आज किती आली गं?'

ती आकडा सांगेल. कदाचित लगेच नाही, रात्री निजताना सांगेल. कितीही असला तरी 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे तोंडातून निघता कामा नये, चेहऱ्यावरही नको. सकाळी डॉक्टर. रिक्षातून जाताना तिला प्रार्थना करायची असेल तर तिच्याबरोबर कर, तिच्याच शब्दांत.

आणि निघताना स्ट्रिपची एक नवी डबी घेऊन जा, तिच्या संपत आल्या असतील. मशीन कोणत्या कंपनीची आहे ते आधी आठव. दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप चालत नाही.

— मावशी