हल्ट प्राइझला पहिल्यांदा उतरताय? मग आधी एवढं करा

अरे वा, हल्ट प्राइझसाठी, म्हणजे समाजाचे प्रश्न सोडवणाऱ्या बिझनेस आयडियांच्या विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेसाठी, टीम जमवताय हे ऐकून खरंच भारी वाटलं! 10 लाख डॉलरचं बक्षीस बघून बरेच जण थेट स्लाइड्स बनवायला बसतात, ती पहिली चूक. आधी प्रॉब्लेम पकडा आणि तो छोटा पकडा. युएनची 17 शाश्वत विकास उद्दिष्टं (गरिबी, पाणी, शिक्षण अशा जगाच्या मोठ्या प्रश्नांवरची) आहेत, त्यातलं एक उचलून नुसतं "पाणीटंचाई" म्हटलं तर जजच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही, "पाणी भरण्यात रोज दोन तास घालवणारी बाई" म्हटलं की येतं.

मग त्या बाईशी बोला. समोर बसून, गुगल फॉर्म पाठवून नाही. आम्ही पहिल्या वर्षी फिल्टरचं अख्खं मॉडेल तयार केलं, शेवटच्या आठवड्यात वापरणाऱ्यांकडे गेलो तर त्यांची खरी अडचण पाणी साठवायच्या भांड्याची निघाली, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

आयडिया विचित्र वाटली तरी घाबरू नका, 2013 ला कॅनडाच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीची टीम खाण्याच्या किड्यांवर जिंकली होती!

बाकी सुरुवातीला:
- सगळे इंजिनिअर नकोत, हिशोब कळणारा एक तरी हवा
- पैसे कोण देणार आणि का, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, कारण इथे चालणारा बिझनेस मागतात, देणगीवरचा उपक्रम नाही
- पिचची (जजसमोर आयडिया मांडायची) प्रॅक्टिस घड्याळ लावून, अनोळखी माणसासमोर

पेटंट, इन्व्हेस्टर, पाच वर्षांचे आकडे आत्ता डोक्यात घेऊच नका. प्रॉब्लेम ठरला की दोन ओळीत लिहून पाठवा, नक्की बघतो.